कागदावरची चार वर्षं

नव्या डॉक्टरणीनं पेनही न उचलता गुलाम रसूलला तिसऱ्यातून चौथ्यात ढकललं. मुद्दाम नव्हे. दीपाली सुर्वे तिचं नाव, मुंबईला शिकून आलेली, मारुती मंदिरापाशी नुकताच दवाखाना थाटलेला. आणि हा तिच्याकडे गेला होता तो वर्षाचा रक्ताचा रिपोर्ट दाखवून गोळीची चिठ्ठी घ्यायला, कारण जुने डॉक्टर थकून मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. जुनी फाइल समोर ठेवून ती नव्या कार्डावर एकेक गोष्ट उतरवून घेत होती. थायरॉइडचा कॅन्सर, अठ्ठ्याण्णव साल, ऑपरेशन मुंबईला, मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढलेल्या, तेव्हा वय सेहेचाळीस. मग स्वतःशी बोलावं तशी ती म्हणाली, "इथे थर्ड स्टेज लिहिलंय. नव्या पुस्तकाप्रमाणे आता हे चार-अ होतं." पुढेही ती बरंच काही बोलली. हसून बोलली, रिपोर्ट छान आहे म्हणाली, घाबरण्यासारखं काही नाही असंही बहुतेक म्हणाली असावी. पण 'चार' ऐकल्यावर माणसाचे कान आपसूक मिटतात, तसे त्याचे मिटले. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली, "बरं आहे, डॉक्टर," म्हटलं आणि जिना उतरून तो रस्त्यावर आला. रस्त्यावर सगळं जसंच्या तसं होतं. रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते, एक बाई फणसाचे गरे विकत होती, आणि चौथ्या स्टेजच्या माणसाला कुणी वाट करून देत नव्हतं.

घरी राजिवड्याला जायचं सोडून तो मांडवीला गेला. धक्क्यावर बसला. समुद्र त्याला नवा नव्हता. आयुष्याची ऐन वर्षं त्यानं समुद्रावरच काढली होती, खलाशी म्हणून चढला आणि सारंग म्हणून, खलाशांचा मुकादम होऊन, उतरला. दहा महिने जहाज, दोन महिने घर. आपल्या शरीरानं काय केलं बरं ऑपरेशननंतरच्या या सहा वर्षांत, असं तो आठवू लागला. काहीच तर केलं नाही. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली, रमझानात सहरीच्या आधी घेतली, वर्षातून एकदा रक्त दिलं, आणि दुकान चालवलं. राजिवड्याच्या खाडीकाठी त्याचं दोरखंडाचं, रंगाचं, नायलॉनच्या जाळ्यांचं दुकान होतं. मच्छीमार त्याच्याकडे दोर घ्यायला कमी आणि गाठ कशी मारायची ते विचारायला जास्त येत. वजन वाढलं होतं. रझियानं दोनदा लेंग्याची कंबर उसवून वाढवली होती. असा माणूस तिसऱ्यातून चौथ्यात गेला कधी? बसल्या जागी? जहाज बंदरात नांगरून ठेवलेलं आणि कुणीतरी किनाराच उचलून पलीकडे नेला, तसं त्याला वाटलं. त्यानं गळ्याला हात लावला. व्रण होता तिथंच होता, कॉलरीच्या खाली, गळ्यातल्या सरीसारखा, आता इतका जुना की दाढी करताना वस्तरा त्याला ओळखून वळत असे.

अठ्ठ्याण्णव साली ती गाठ सापडली होती न्हाव्याला. सुट्टीवर आला होता, दाढीला बसला होता आणि न्हावी म्हणाला, "चाचा, हिकडं काय घट्ट लागतंय." मग एकामागून एक डॉक्टर, मुंबई, सुई, ऑपरेशन. घशाखाली टाके आणि आवाज गेलेला. सारंगाचा आवाज, ज्याच्यावर अख्खं डेक हलायचं, तो पाणी मागायलासुद्धा पुरेना. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना इंग्रजीत काही सांगत होते, आणि त्यातला एक शब्द त्याला कळला. थर्ड. जहाजावर थर्ड मेट असतो, थर्ड इंजिनियर असतो. तो शब्द त्याच्या चांगल्या ओळखीचा. स्टेज म्हणजे काय तेही सिनेमे बघणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. नंतर रेडिओ-आयोडीनचं औषध दिलं तेव्हा तर काही शंकाच उरली नाही. एका खोलीत एकटा ठेवलेला, जेवण दाराशी ठेवून निघून जाणारी माणसं, तोंडाला लाळ सुटावी म्हणून चघळायला दिलेल्या लिंबाच्या आंबट गोळ्या. गोळी तोंडात फिरवत तो भिंतीकडे बघत पडायचा. कुणी आपल्याला शिवायचं नाही आणि आपण कुणाला शिवायचं नाही. रझिया लांब व्हरांड्यात उभी राहायची, तिथून हात हलवायची, आणि तो हात हलवताना बघून त्याला वाटायचं की ही आपल्याला बंदरातून निरोप देतेय, नेहमीसारखाच, फक्त या वेळी जहाज परतीचं नाही.

तसं पडल्या पडल्या त्यानं हिशेब केला. थोरली मुलगी महरीन अठराची, बारावीची परीक्षा दिलेली. सायन्सला होती, हुशार होती, पुढं शिकायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. धाकटी तूबा बारा वर्षांची. आपण गेलो तर या दोघींचं कोण बघणार? निदान एकीचं तरी डोळ्यांदेखत व्हावं. घरी आला आणि महिन्याभरात नाटे गावच्या अरशदला महरीन दिली. मुलगा चांगला, स्वतःची होडी, घरचे सज्जन. वाईट काही केलं असं कुणी म्हणालं नसतं. महरीनही काही म्हणाली नाही. निकाह झाला, आणि त्यानंतर कधीतरी तिचा निकाल लागला. पहिला वर्ग. त्या निकालाचे पेढे सासरी वाटले की नाही, ते त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, असंच म्हणायला हवं.

आणि मग मरण काही आलं नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. थर्ड स्टेजचा माणूस जहाजावर परत जात नाही, म्हणून तो घरी राहिला. आणि घरी राहिला म्हणून त्याला कळलं की त्याला एक धाकटी मुलगी आहे. तूबा लहान असताना, तो सुट्टीवर आला की रझियाला विचारायची, "हा माणूस कधी जाणार?" रझिया हे हसत हसत सगळ्यांना सांगायची आणि तोही हसायचा, पण रात्री कूस बदलताना ते वाक्य त्याला टोचायचं. आता तो माणूस जाईनासा झाला. तिला शिकवणीला सोडू लागला, तिला भाट्याच्या पुलावर सायकल शिकवली, तिला पापलेटापेक्षा बांगडा आवडतो हे त्याला उशिरा का होईना कळलं. तिनं बारावीला असताना घराच्या मागं, कातळावर, टोपल्यानं माती आणून टाकली आणि त्यात वांगी लावली. लोकांनी वेड्यात काढलं. वांगी लागली. त्या वांग्यांचं भरीत खाताना त्याच्या मनात आलं होतं की अल्लानं मला हे सगळं वरून दिलंय, हिशेबाबाहेरचं. तो रोज पहाटे फजरच्या नमाजाला अल्लाचे आभार मानायचा आणि ते तोंडदेखले नसायचे. खरंच त्याला गळ्यापर्यंत भरून यायचं, त्याच गळ्यापर्यंत.

आणि आता या सालात, दोन हजार चारच्या जुलैत, तूबाला दापोलीच्या कृषी विद्यापीठात डिग्रीला जागा मिळाली होती. वसतिगृहासकट. पुढच्या आठवड्यात जायचं होतं, ट्रंक भरून झाली होती. आणि त्याच वेळी त्याच्या मूळ गावाहून, पूर्णगडहून, एक स्थळ आलं होतं, मुलगा दुबईला नोकरीवर. माणसं जुम्म्याला येणार होती. ती माणसं येऊ देत, चहा पिऊ देत, आपण नाही म्हणू, असं घरात ठरलेलं होतं. मांडवीच्या धक्क्यावर बसून गुलाम रसूलनं ते ठरलेलं मोडलं. चौथा म्हणजे शेवटचा, पाचवा नसतोच. शिक्षण चार वर्षांचं. तेवढा वेळ आपल्यापाशी आहे असं कोण सांगणार?

घरी आल्यावर त्यानं रझियाला सगळं सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. "चौथा सांगितलान डॉक्टरणीन," तो म्हणाला. "जुम्म्याला त्यांना होय म्हणून टाकू. दापोलीचा राहू दे." रझियाचे हात थांबले. ती एरवी बोलकी, भांडकुदळ म्हणावी इतकी. पण त्या वेळी तिनं हातातला बोंबील तसाच ताटलीत ठेवला. नळ तसाच वाहत राहिला. मागच्या दारी तूबा कुणाशी तरी हसत बोलत होती. मग रझियानं हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, "महरीनच्या टायमाला मी गप राहिले. तुमी मरणार असा वाटला, म्हणून गप राहिले. आता नाय राहायची. उद्या मी येतंय तुमच्यासंगती. माझ्यासमोर सांगू दे तिला काय ता." त्यानं म्हटलं, "डॉक्टरीण काय खोटा बोलते काय?" तर म्हणाली, "ती नाय हो खोटा बोलत. तुमी अर्धवट ऐकून येताव." त्याला राग आला, आणि त्या रागाखाली बरंही वाटलं. रात्री त्याला झोप लागली नाही. रझिया मात्र घोरत होती.

सकाळी दवाखान्यात रझियानं खुर्ची ओढून घेतली आणि वकिलासारखी बसली. "बाय माझे, मला नीट समजावून सांग," ती म्हणाली, "हा माणूस सहा वर्सं जेवतोय, फिरतोय, माझ्याशी भांडतोय. मग तिसऱ्याचा चौथा कसा झाला?" डॉक्टर दीपालीचा चेहरा उतरला. काल आपण सहज बोलून गेलो ते या माणसानं घरी नेलं आणि उशाला घेऊन झोपला, हे तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "काका, चूक माझी. काल मी ते मोठ्यानं बोलायलाच नको होतं. आजार हलला नाही हो. पुस्तक हललं." आणि मग तिनं कागदावर रेघा मारून सांगितलं. स्टेज म्हणजे शरीरातली पायरी नव्हे; जगभरचे डॉक्टर हजारो रुग्णांकडे बघून ठरवतात की कुणाला किती धोका, आणि त्याप्रमाणे कप्पे करतात. दर काही वर्षांनी ते कप्पे पुन्हा लावतात. पूर्वीच्या पुस्तकात मानेतल्या गाठींत आजार उतरला की तिसरा. दोन वर्षांपूर्वी नवं पुस्तक आलं, त्यात मधल्या गाठी वेगळ्या काढल्या आणि बाजूच्या गाठी वेगळ्या. बाजूच्या म्हणजे चार-अ. "उलट काही लोक दुसऱ्यातून पहिल्यात आले," ती म्हणाली. "दीड सेंटिमीटरची गाठ काल दुसरी होती, आज पहिली. त्यांनीही काही केलं नाही. आणि काका, खरं म्हणजे ज्याची त्याची स्टेज त्या वेळच्या पुस्तकाप्रमाणेच राहते. मी उगाच नव्यात घालून बघितली."

रझिया मान डोलवत ऐकत होती. गुलाम रसूल रेघांकडे बघत होता. नकाशावर खोली दाखवणाऱ्या रेघा असतात तशाच त्या. पाण्यात उतरून बघितलं तर पाण्यात कुठलीच रेघ नसते. "आणि एक," डॉक्टर म्हणाली, "या आजारात वयाला फार महत्त्व आहे. बाकीच्या कॅन्सरांत असं नसतं. फार पूर्वी यातही वय बघत नसत. मग लक्षात आलं की तरुण माणसांत हा आजार पुष्कळ सौम्य वागतो. म्हणून पंचेचाळीसवर रेघ मारलीय. उद्या आणखी पुढेही सरकवतील. आजार सापडला तेव्हा पंचेचाळीसच्या आत असाल आणि तो फुप्फुसात-हाडांत गेलेला नसेल, तर मानेत कितीही गाठी असू देत, पहिलीच स्टेज. तुम्ही तेव्हा सेहेचाळीसचे होतात. थोडक्यात हुकलं."

"सेहेचाळीस?" रझिया म्हणाली. मग एकदम तिला हसूच फुटलं. "अगो बाय, ता कागदावरचा वय! ह्यांच्या बापानं वाढवलान. चार वर्सं."

डॉक्टरणीला ते समजेना. मग गुलाम रसूलनंच सांगितलं, आणि सांगताना त्याला थोडी लाज वाटली, पण फार नाही, कारण त्यांच्या किनारपट्टीत ते सगळ्यांनीच केलेलं होतं. पूर्णगडला पोर अंगानं थोराड झालं की त्याला जहाजावर चढवायचं. आणि जहाजाचे कागद अठराच्या आत मिळत नाहीत. मग वय वाढायचं. बाप मुंबईला नेऊन कुणा ओळखीच्या कारकुनापुढं उभं करायचा, पोरगं छाती काढून उभं राहायचं, आणि चौदाचं अठरा व्हायचं. त्या दिवशी बाप स्टेशनात त्याला म्हणाला होता, "आता कोणी विचारलान तर अठरा. झोपेत पण अठरा." तेव्हापासून तो अठरापासूनच मोजत आला होता. पासपोर्टवर तेच, रेशनकार्डावर तेच, इस्पितळात तेच. शेवटी त्याच्या स्वतःच्या डोक्यातही तेच. "मग खरं वय कसं कळणार?" डॉक्टरणीनं विचारलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत. त्या दिवशी शाळेत पुन्हा हादरलं, तशी मास्तरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आणि कुणाचं किती वय ते विचारून विचारून आम्हांला धीर देत होते. मी अकरा म्हणालो. मास्तर म्हणाले, अकरा वर्षांचा घोडा आणि रडतोस?" डॉक्टरणीनं बोटांवर मोजलं. सदुसष्ट, छप्पन्न, अठ्ठ्याण्णव. मग पेन खाली ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. "बेचाळीस," ती म्हणाली. "काका, मग तुम्ही पहिल्याच स्टेजला होतात. जुन्या पुस्तकातही पहिली आणि नव्यातही पहिलीच. सुरुवातीपासून."

रझिया रडायला लागली. ती हसताहसताच रडत होती आणि मधे मधे अल्लाचं नाव घेत होती. गुलाम रसूलला काहीच होईना. त्यानं विचारलं, "मग ऑपरेशन केलं ते?" डॉक्टर म्हणाली, "ऑपरेशन तेच झालं असतं, औषधही तेच. तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य तेच केलं. फक्त तुम्हाला सांगताना वेगळं सांगितलं असतं. पहिली स्टेज आहे, बरे व्हाल, कामाला लागा." कामाला लागा. ते शब्द घेऊन तो जिना उतरला. म्हणजे टाके सुकले, आवाज परत आला, तसा तो पुढच्या जहाजावर चढला असता. नक्की चढला असता. आजही तो कुठल्या तरी आखातात डेकवर उभा असता आणि तूबानं कातळावर वांगी लावली हे त्याला पत्रानं कळलं असतं. कदाचित कळलंही नसतं. बापानं कारकुनापुढं उभं करून चार वर्षं त्याच्या अंगावर चढवली, तेव्हा त्याचं पोरपण गेलं म्हणून तो बापावर वर्षानुवर्षं मनात धुमसत होता. त्याच चार वर्षांनी त्याला घरी बसवलं होतं. मारुती मंदिराच्या चौकात, रिक्षांच्या कलकलाटात त्याला बापाची इतकी माया आली की तो रझियाचा हात धरून उभा राहिला, जे त्यानं भर रस्त्यात कधी केलं नव्हतं. "सोडा, लोक बघतंत," ती म्हणाली, पण तिनंही हात सोडवून घेतला नाही.

पण त्या मायेच्या मागून मनात महरीन आली. हे सगळं कुणाच्या वाटणीतून आलं, ते त्याला माहीत होतं. संध्याकाळी त्यानं नाट्याला महरीनच्या शेजाऱ्यांकडे फोन करून तिला फोनवर बोलावून घेतलं. पाठीमागं कुणाचं तरी पोर रडत होतं. तिचाच अमन असेल. त्यानं तिला सगळं सांगितलं. कागदावरचं वय, पंचेचाळीसची रेघ, पहिली स्टेज. सांगताना त्याचा आवाज ऑपरेशननंतर गेला होता तसाच झाला. शेवटी तो म्हणाला, "बाय, घाई करायचं कारणच नव्हतं तेव्हा." पलीकडं ती पोराला उगी करत राहिली. मग ती म्हणाली, "तुमी जहाजावर गेला असताव ना, अब्बा?" "गेलो असतो." "मग झाला ता बराच झाला," ती म्हणाली. त्या 'बराच झाला'मध्ये रुसवा होता की नव्हता हे तो चाचपत राहिला, आणि त्याला सापडेना. "तूबाला सोडायला कधी जाताव?" तिनं विचारलं. "मी पण येतंय. अमनला सासू बघेल."

जुम्म्याला पूर्णगडची माणसं आली, चहा प्याली आणि नकार घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात एसटीनं तो आणि त्याच्या दोघी मुली दापोलीला गेले. तूबा खिडकीशी बसून सगळ्या वाटेवर बडबडत होती, तिला उलटी होईल म्हणून रझियानं दिलेला आवळा तिनं महरीनलाच खायला लावला. दापोलीला उतरल्यावर हवा वेगळी लागली, गार. विद्यापीठाच्या आवारात कलमांच्या रांगा, ओली तांबडी माती, नवी पोरं-पोरी आणि त्यांचे भांबावलेले आईबाप. तूबाचे कागद दाखवून झाले, वसतिगृहाची खोली मिळाली, तिथल्या एका पोरीशी तिची तासाभरात मैत्रीही झाली; आता या दोघांनी जावं असं तिला वाटतंय हे दिसत होतं. गुलाम रसूलला वाईट वाटलं नाही. जाणारा माणूस तो एकटाच असायचा इतकी वर्षं, आणि आता मुलगी जात होती आणि तो मागं राहत होता, तेही सुखच होतं.

महरीन मात्र कुठं दिसेना. त्यानं इकडं तिकडं बघितलं. ती कार्यालयाच्या व्हरांड्यात, सूचना लावलेल्या फळ्यापुढं उभी होती. ओढणी सारखी करत फळ्यावरचं वाचत होती. इतक्या सावकाश, की ती किती वेळ तिथं असेल हे त्याला कळेना. तो जवळ गेला तरी तिनं वळून बघितलं नाही. काय वाचतेस म्हणून विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण विचारवेना. तिनंच विचारलं. फळ्याकडंच बघत, इतक्या हळू, की जणू चुकून तोंडातून गेलं.

"अब्बा, हितं माझ्या वयाच्या बायांना घेतात काय?"

कार्यालयाची खिडकी बंद व्हायला आली होती. आतला माणूस फायली आवरत होता. गुलाम रसूलनं छत्री महरीनच्या हातात दिली आणि डेकवरून हाक मारायचा तशी, व्हरांडाभर घुमेल अशी, हाक मारली, "ओ साहेब! थांबा! अजून एक मुलगी आहे माझी."